अक्षरं खरंच पळत होती

अक्का,

हे सांगायचं मी फार वर्षं टाळलं. धुळ्याहून फैजपूरला निघताना दर वेळी ठरवायचो, आज बोलून टाकायचं. जळगावला गाडी बदलताना मनात वाक्यं जुळवायचो, यावल ओलांडेपर्यंत ती पाठ झालेली असायची. मग तुझ्या ओट्यावर चपला काढल्या की तू आतूनच विचारायचीस, "उना का भाऊ? पहिले जेवण करी ल्हे." मी जेवायला बसायचो. जेवून पान खाल्लं की परतीची गाडी आठवायची.

परवा तुझं तेरावं झालं. आता जेवायला बसवून माझं तोंड बंद करणारं कुणी राहिलं नाही, म्हणून आधी मुद्द्याचं सांगतो, नाही तर याही वेळी मी इकडचं तिकडचं बोलून उठेन.

त्या श्रावणात, पोथीच्या समाप्तीला, भरल्या ओट्यावर तू अडखळलीस. ओव्या सुटल्या. अध्याय तुझ्या हातून पुरा झाला नाही. त्या दिवसापासून घरातले, गल्लीतले, सगळे म्हणायला लागले की अक्काचं डोकं आता काम देत नाही, आणि काही दिवसांनी तूही तेच म्हणायला लागलीस. अक्का, तुझ्या डोक्याला काही झालं नव्हतं. तुझ्या पोथीच्या टॅबवरची अक्षरं वर सरकण्याचा वेग मी त्या सकाळी वाढवला होता आणि पुन्हा कमी करायला विसरलो होतो. हे मला त्याच दुपारी कळलं. मी बोललो नाही.

आता बाकीचं.

मला अक्षरं तू शिकवलीस. आबा शेतात, आई गोठ्यात, आणि पांझरेच्या काठच्या त्या घराच्या दारात आपण दोघं एका पुस्तकावर ओणवे. तू ओळीखालून बोट सरकवायचीस आणि मी त्या बोटावरचं अक्षर वाचायचो. जोडाक्षर आलं की मी अडायचो. तुझं बोट तिथंच थांबायचं. तू सांगायची नाहीस, ढकलायची नाहीस, माझ्याकडे बघायचीसुद्धा नाहीस. मला येईपर्यंत ते बोट तसंच, नखाखाली शेण-मातीची काळी रेघ असलेलं, त्या अक्षरापाशी उभं. मला वाटायचं, सगळ्यांच्याच बहिणी असं करतात. माझ्या वर्गातला एक जण म्हणाला होता, "माझी बहीण तर डोक्यात टपली मारते."

चौथीनंतर तुझी शाळा सुटली. लग्न होऊन तू फैजपूरला गेलीस. तिथली बोली वेगळी, माणसं केळीवाली, जेवणाची चव वेगळी. तू सगळं उचललंस. आपली अहिराणी तेवढी माझ्यासाठी ठेवलीस. मी आलो की तू अहिराणीत बोलायचीस आणि तुझी सून सुनंदा हसायची, "मामा आले की आईंचं स्टेशन बदलतं." वाचन मात्र तू कधी सोडलं नाहीस. श्रावण लागला की दुपारी भांडी आवरून गल्लीतल्या बायका तुझ्या ओट्यावर जमायच्या. तू चौरंगावर पोथी ठेवायचीस, हळदकुंकू वाहायचीस आणि सुरू करायचीस. अध्याय सुरू झाला की मध्ये कुणी उठायचं नाही, बोलायचं नाही. पोथीला हात लागायचा तो फक्त पान उलटायला. अध्याय संपला की त्याचा अर्थ, मग गप्पा, मग कुणाच्या तरी सुनेची गाऱ्हाणी. वर्षानुवर्षं तो ओटा म्हणजे तू होतीस.

मग तुझे डोळे गेले. पूर्ण नव्हे. मोतीबिंदू काढला तरी मधलं दिसेना. जळगावच्या डॉक्टरांनी सांगितलं, डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग कमजोर झालाय, कडेकडेचं दिसेल, मोठं अक्षर आणि भरपूर उजेड असेल तर वाचता येईल. तुझ्या पोथीचा टाइप बारीक. तू भिंग धरून बघितलंस. एक ओवी वाचेपर्यंत बायकांच्या जांभया झाल्या. कमलमावशी, तुझ्या शेजारची आणि तुझ्या तोंडाला तोंड देणारी एकटीच बाई, म्हणाली, "अक्का, या वेगानं समाप्ती दिवाळीत होईल. फराळ करूनच येतो आम्ही."

तू हसलीस. पण त्या संध्याकाळी मला फोन केलास आणि म्हणालीस, "भाऊ, काही व्हई का?"

मी टेलिफोन खात्यात नोकरी केलेली. खांबावर चढून तारा जोडणं हे माझं काम. पण नात्यागोत्यात मी यंत्रांतला माणूस ठरलो होतो. कुणाचा मोबाईल अडला की "मामाला दाखवा." मला तो मान आवडायचा, अक्का. फार आवडायचा. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

जळगावहून मोठ्या पडद्याचा टॅब आणला, पोथी त्यात घातली आणि तुझ्याकडे मुक्काम ठोकला. आठवतंय? आपण लहानपणीसारखे एका चौरंगावर ओणवे. पहिल्यांदा अक्षर इतकं मोठं केलं की पडद्यावर चारच शब्द मावले. तू म्हणालीस, ओवी मोडते. मी म्हटलं, अक्षर दिसतंय ना? तू म्हणालीस, अक्षर दिसतं पण ओवी दिसत नाही, एका श्वासाची ओळ तू चार ठिकाणी तोडलीस, मी श्वास कुठं घेऊ? मी वैतागलो. शेवटी टॅब आडवा केला. आडवा धरल्यावर ओळ जवळजवळ पुरी मावली. तो चौरंगावर कलता ठेवला की मजकूर आपोआप उभा व्हायचा, म्हणून पडद्याचं फिरणं बंद केलं.

मग उजेड. ओट्यावरच्या दुपारच्या उन्हात पडदा म्हणजे आरसा. "पोथी कथी शे? माले तं मन्हंच तोंड दखास," म्हणालीस. उजेड पुरा वाढवला. डोळ्यांना बरं पडेल म्हणून मी काळ्या पानावर पांढरी अक्षरं करून दिली, तर तू टॅब लांब सारलास. "काळी पोथी नको. तिला काय सुतक लागलंय?" पांढरं पान परत आणलं, त्याला किंचित पिवळट छटा दिली, जुन्या कागदासारखी. ती तुला आवडली. त्यावर हात फिरवलास आणि पोथी आपली आपण तीन अध्याय पुढे गेली.

आणि अर्थ सांगत असताना पडदा काळा व्हायचा ते. पहिल्या वेळी तू बायकांना म्हणालीस, "थांबा, पोथीला डुलकी लागली." कमलमावशी लगेच, "तुझा अर्थ ऐकून लागली असेल." मग मी पडदा कधीच झोपणार नाही असं करून ठेवलं. चार्जिंगचं मात्र कमलमावशीनं तुला शेवटपर्यंत ऐकवलं. "आमच्या पोथीला कधी वायर लागली नाही बाई."

खरी अडचण तुझ्या बोटांची होती. जन्मभर केळीचा चीक, कापसाची बोंडं, चुलीची राख. बोटांची टोकं सुकून भेगाळलेली. काच ती बोटं ओळखायचीच नाही. तू पान सरकवायला बोट फिरवायचीस, काही व्हायचं नाही. पुन्हा जोरात फिरवायचीस आणि पानं भराभर निघून जायची. तू बोट बघायचीस, पडदा बघायचीस. म्हणालीस, "म्हशी ओळखतात या हाताला. हे काचेचं मात्र ओळखत नाही."

तेव्हा मी ते ॲप शोधलं. त्यात अक्षरं आपली आपण वर सरकतात. बोट लावायचंच नाही. खाली एक आडवी रेघ होती, तिच्या एका टोकाला कासवाचं चित्र, दुसऱ्या टोकाला सशाचं. रेघेवरची खूण कासवाकडे नेली की अक्षरं सावकाश चढतात, सशाकडे नेली की जोरात. तुला चित्रं दाखवली. तू बराच वेळ बघत राहिलीस आणि म्हणालीस, "माले कासवाकडेच ठेव. गोष्टमा जितस तेच."

मी तुला वाचायला लावलं आणि खूण जराजरा सरकवत गेलो. तू चालीवर वाचत होतीस, ओवीच्या शेवटी जरा रेंगाळत होतीस, आणि मी तुझ्या आवाजाकडे लक्ष ठेवून खूण मागं घेत होतो. एका जागी तुझा आवाज आणि अक्षरं बरोबर चालायला लागली. तुझा चेहरा निवला. तेवढी एकच दुपार मी तुझ्यासाठी ते केलं जे तू माझ्यासाठी लहानपणी रोज करायचीस, आणि तेव्हा मला ते कळलंही नाही.

तरी तुझी तक्रार राहिलीच. तू म्हणायचीस, याला पान नाही. पान संपलं की माणूस घोट घेतो, मांडी बदलतो, समोरच्याकडे बघतो. हे आपलं चालतच राहतं. थांबायची जागाच नाही यात. मी म्हणायचो, अगं, थांबायचं असेल तर पडद्यावर कुठंही बोट टेकव, थांबेल. तू म्हणायचीस, "अध्याय चालू असताना पोथीले बोट टोचू का?" मी म्हणायचो, ही पोथी नाही, यंत्र आहे. तू म्हणायचीस, त्यात पोथी घातलीस ना, मग ती पोथी. हा वाद आपला अर्धाच राहिला. तुझंच बरोबर होतं असं आता म्हणून काय उपयोग, पण म्हणतो.

पहिला श्रावण सोन्यासारखा गेला. तुझा आवाज परत आला. शेजारच्या गल्लीतल्या बायका नुसता टॅब बघायला यायच्या आणि पोथी ऐकून जायच्या. प्रकाश, तुझा मुलगा, सगळ्यांना सांगायचा, "मामा आहेत म्हणून. नाही तर आईची पोथी बंदच पडली होती." मी नको नको म्हणायचो आणि आणखी एकदा ऐकायला मिळावं म्हणून तिथंच घुटमळायचो.

दुसऱ्या श्रावणात समाप्तीला मी सकाळीच पोचलो. अंगणात खापर तापलेलं, तू मांडे करत होतीस. त्या वयातही दोन्ही हातांवर मांडा फिरवून खापरावर टाकायचीस, सुनंदाला हात लावू द्यायची नाहीस. मला म्हणालीस, बस, झोपाळ्यावर पड जरा. मी पडलो. टॅब हाताशी होता. त्यातल्या त्याच ॲपमध्ये मी माझ्यासाठी एक जुनी रहस्यकथा घालून ठेवली होती. ती उघडली. तुझं ते भलंमोठं अक्षर मला सोसेना, लहान केलं. तुझ्या कासवाच्या चालीनं माझ्या डोळ्यांना पेंग आली, म्हणून खूण सशाकडे नेली. मला मनातल्या मनात वाचायची सवय. नजर टाकली की ओळ संपली. पुरणाचा वास, झोपाळ्याची करकर आणि खुनी कोण ते कळायची घाई. मजेत होतो मी, अक्का.

गोष्ट संपली. मी अक्षर मोठं केलं, तुझी पोथी उघडून ठेवली, चार्जिंगला लावली. अक्षर मोठं दिसलं, पान पिवळट दिसलं, आडवं दिसलं. सगळं जागच्या जागी आहे असं वाटलं. अक्षराचा आकार नुसत्या नजरेला कळतो. वेग वाचायला लागल्याशिवाय कळत नाही.

दुपारी ओटा भरला. समाप्ती म्हणून पुरुषही आले होते, भिंतीकडेला बसले होते. मी दारात उभा होतो, प्रकाश कुणाला तरी माझी ओळख करून देत होता. तू हळदकुंकू वाहिलंस, हात जोडलेस आणि सुरू केलंस.

पहिली ओवी तू पुरी केलीस. दुसरी घाईनं. तिसरीचा शेवट तू गिळलास. तोपर्यंत मला काही जाणवलं नव्हतं. मग तुझी चाल तुटली, तू नुसती वाचायला लागलीस, सपाट, धापा टाकल्यासारखी. अर्ध्या ओव्या सुटायला लागल्या. ज्यांना पाठ होतं त्या बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. तुझी मान पुढं पुढं झुकत चालली होती, पडद्याच्या वरच्या कडेकडे, कारण तू वाचायच्या आत ओळ तिथं पोचून नाहीशी होत होती. तू बोट लावलं नाहीस. अध्याय चालू होता.

आणि मग तू जे कधीच केलं नव्हतंस ते केलंस. अध्याय चालू असताना बोललीस. मान वर करून मला शोधलंस आणि हळूच म्हणालीस, "भाऊ, अक्षरं पयतस रे."

अक्षरं पळतायत. इतकं स्पष्ट, इतकं नेमकं सांगितलंस तू. मी चार पावलं येऊन खाली बघितलं असतं तरी पुरे होतं. मी दारातूनच, चार लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात, शुद्ध मराठीत म्हणालो, "अक्का, घाबरू नको. अक्षरं कुठं पळतात का? नीट बघून वाच."

कुणीतरी हसलं. तू पुन्हा पडद्याकडे बघितलंस. ओठ हलत होते, आवाज नव्हता. कमलमावशी उठली, आत जाऊन तुझी जुनी कागदी पोथी घेऊन आली आणि तुझ्या शेजारी बसून तिनं अध्याय पुरा केला. तिनं त्या दिवशी एक टोमणा मारला नाही. तो मारला असता तर बरं झालं असतं.

आरती झाली, मांडे वाढले गेले. टॅब उचलून आत ठेवायला मी गेलो तेव्हा ती आडवी रेघ दिसली. खूण सशाच्या पायाशी होती.

अंगठ्यानं मी ती कासवाकडे सरकवली. प्रकाश मागून आला. त्यानं विचारलं, "मामा, यंत्रात काही बिघाड झाला होता का?"

मी म्हटलं, "नाही. यंत्र ठीक आहे."

एवढंच. इतकं छोटं वाक्य. मला वाटलं, संध्याकाळी तुला एकटीला सांगू. संध्याकाळी पाहुणे होते. मग वाटलं, पुढच्या खेपेला. पुढच्या खेपेपर्यंत ते वाक्य घरभर झालं होतं. यंत्र ठीक आहे. मग ठीक काय नाही?

प्रकाशला मी दोष देणार नाही, तूही दिला नाहीस. तो घाबरला होता. त्यानं गॅसजवळ तुला एकटीला जाऊ देणं बंद केलं. कपाटाच्या किल्ल्या सुनंदाच्या कमरेला गेल्या. तू बाजारात निघालीस की कुणीतरी मागून यायचं. पुढच्या श्रावणात पोथी कमलमावशीच्या ओट्यावर गेली. तिनं तुला अर्थ सांगायला बोलावलं, तू गेली नाहीस.

प्रकाश तुला जळगावला डोक्याच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला, तेव्हा मीही बरोबर होतो. त्यांनी विचारलं, पहिल्यांदा कधी लक्षात आलं? प्रकाश म्हणाला, "पोथी वाचताना, डॉक्टर. एकाएकी म्हणायला लागली, अक्षरं पळतायत." डॉक्टरांनी मान हलवली. तुझं खरं बोलणं तिथं आजाराचं लक्षण झालं आणि मी तुझ्या शेजारच्या खुर्चीवर बसून ते ऐकलं. मग त्यांनी तुला वार विचारला. तुला वार माहीत होता. तू उपवास होता म्हणून सकाळी जेवलीसुद्धा नव्हतीस. तरी उत्तर द्यायच्या आधी तू माझ्याकडे बघितलंस. सांगू का, बरोबर येईल का, असं. ज्या बहिणीनं माझ्याकडे न बघता मला वाचू दिलं, तिनं स्वतःच्या तोंडातला वार माझ्या तोंडाकडे बघून सांगितला. डॉक्टर म्हणाले, फार काही नाही, वयानुसार असतं, लक्ष ठेवा. प्रकाशनं त्यातलं लक्ष ठेवा एवढंच घरी आणलं.

एकदा बोलणार होतो. मुक्ताईनगरला तुला दर्शनाला घेऊन गेलो होतो, मुद्दाम आपण दोघंच. देवळाच्या बाहेर सावलीत बसलो. तू शेंगा सोलत होतीस. मी म्हटलं, "अक्का, त्या पोथीच्या दिवशी..." तू माझा हात थोपटलास. म्हणालीस, "जाऊ दे भाऊ. यंत्र चांगलंच शे. मन्हंच डोकं आते कामनं नही ऱ्हायनं." आणि सोललेल्या शेंगा माझ्या ओंजळीत ओतल्यास. मी त्या खाल्ल्या. तुला तसं वाटतंय हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलं, आणि शेंगा खाल्ल्या.

तुला आणखी एक सांगतो. आता माझेही डोळे गेले. धुळ्याला मी पेपर मोबाईलवर वाचतो, अक्षर तुझ्याएवढं मोठं करून. बोटाला कंप आहे. पान सरकवायला गेलो की भलतीच बातमी उघडते. परवापरवा मीही ते सरकणारं ॲप लावलं. ओळ निसटायला लागली, तुझी निसटली तशीच. मी एकटा होतो, खोलीत कुणी नव्हतं, पोथी नव्हती, भिंतीकडेला पुरुष बसले नव्हते. तरी पहिला विचार हाच आला की माझंच काहीतरी बिघडलं. खूण बघायचं मला, यंत्रांतल्या माणसाला, मागाहून सुचलं.

तेराव्याला सगळे ओट्यावर बसले होते. प्रकाश तुझ्याबद्दल बोलत होता, चांगलं बोलत होता, डोळ्यांत पाणी होतं त्याच्या. म्हणाला, "शेवटी शेवटी आईला अक्षरं पळताना दिसायची." मग सगळे माझ्याकडे वळले, मामांनी चार शब्द बोलावेत म्हणून. मी उठलो. समोर कमलमावशी होती, तिची सून होती, त्या दिवशी हसलेला माणूसही असेल. मी सांगितलं की अक्कानं मला अक्षरं शिकवली, तिच्यासारखी बहीण व्हायची नाही. आणि बसलो. तू गेल्यावरही, अक्का. तुझ्या तेराव्यालाही.

निघताना मागच्या अंगणात हात धुवत होतो. सुनंदा पाणी घालत होती. ती म्हणाली, "मामा, एक सांगू? आई दुपारी सगळे झोपले की टॅब काढून बसायच्या. हळू आवाजात वाचायच्या. मी दाराआडून ऐकायचे. एक ओवी चुकायच्या नाहीत, चालीवर म्हणायच्या, पहिल्यासारखंच."

मी विचारलं, कधीपासून?

"त्या समाप्तीनंतर दोन-चार दिवसांपासूनच. मी एकदा म्हटलं, आई, तुम्हाला तर सगळं नीट येतंय, मी यांना सांगते, पुन्हा आपल्या ओट्यावर लावू पोथी. तर म्हणाल्या, राहू दे. कुणाला सांगू नको. भाऊले वाईट वाटी."

सुनंदानं तांब्या खाली ठेवला. तिला त्या वाक्याचा अर्थ लागला नव्हता. तिला वाटलं, भावानं एवढ्या हौसेनं घेतलेलं यंत्र सर्वांपुढे फसलं, याचं भावाला वाईट वाटेल म्हणून तू बोलली असशील. मला अर्थ लागला. कासव कुठं आणि ससा कुठं हे तुला मीच दाखवलं होतं. त्या दुपारी अक्षरं पळत होती आणि दोन दिवसांनी तीच अक्षरं तुझ्या चालीनं चालत होती. हे कोडं तुला सोडवता येऊ नये इतकी तू भोळी नव्हतीस.

म्हणजे तू गॅसपासून दूर बसलीस. किल्ल्या काढून दिल्यास. ओटा सोडलास. डॉक्टरांसमोर माझ्याकडे बघितलंस ते कदाचित वार विचारायला नव्हे. मुक्ताईनगरला माझा हात थोपटलास तेव्हा मी पुढे बोलतो का याची वाट बघत होतीस का? मला येईपर्यंत तिथंच उभी होतीस का, न ढकलता, न सांगता?

सासरच्या माणसांत माहेरची मान खाली जाऊ नये म्हणून तू वेडी ठरलीस, असं मी लिहीन तर तू म्हणशील, भाऊ, फार मोठं करू नकोस. नाही करत. पण हे पत्र मी छापायला देतोय, ते छापून येईल तेव्हा प्रकाश वाचेल. त्यानं हे ओट्यावर बसून मोठ्यानं वाचावं, कमलमावशीला ऐकू जाईल असं. सुनंदानं टॅब जपून ठेवलाय. मी तिला म्हटलं, ती खूण हलवू नकोस. ती तुझ्या आवाजाच्या जागी आहे.

जळगावला गाडी बदलताना मी जी वाक्यं जुळवायचो ती फार लांबलचक असायची. त्यांत ॲप होतं, वय होतं, घाई होती, पाहुणे होते. आज ती एकही आठवत नाही. आपल्या बोलीत ते एवढंच होतं, आणि जेवायच्या आधी, ओट्यावर चपला काढतानाच म्हणायचं होतं.

तू बरोबर व्हती, अक्का. चूक मन्ही शे. माले माफ कर.